खतामागचा व्यवहार : दख्खनच्या दंग्यांवरचा एक निबंध

विषय एका ओळीचा होता : ‘१८७५ चे दख्खनचे दंगे सावकारांविरुद्ध होते की सरकारविरुद्ध?’ हे दंगे म्हणजे पुणे आणि नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांवर केलेले हल्ले. द्वितीय वर्ष कला, इतिहास. शब्दमर्यादा १५००, मुदत तीन आठवडे. असे निबंध दरवर्षी चाळीसेक येतात आणि त्यातले पस्तीस एकमेकांची भावंडं असतात. एकाच निबंधाबद्दल लिहायचं कारण असं की तो तीनदा लिहिला गेला, आणि तिन्ही खर्डे माझ्याकडे आहेत.

मुलगी शिरूर तालुक्यातली. रोज एसटीने ये-जा, वर्गात बोलणं बेताचंच. विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मात्र तिने मान वर केली. दंग्यांच्या आधी, १८७४ च्या अखेरीस, ज्या गावाने आपल्या सावकारावर बहिष्कार घातला ते कर्डे तिच्या गावापासून दुचाकीवर अर्ध्या तासावर आहे. ‘मॅडम, आमच्याकडे म्हणतात की आमच्या खापरपणजोबांनी वाण्याची खतं जाळली,’ असं तिने तास संपल्यावर हळूच सांगितलं. खतं म्हणजे कर्जाचे लेखी रोखे. मी म्हटलं, लिही, पण ‘म्हणतात’ हा शब्द गाळू नकोस.

पहिला खर्डा आठव्या दिवशी आला. सुरुवात अशी होती :

‘अमेरिकेत यादवी युद्ध झाले. त्यामुळे कापसाचे भाव वाढले. दख्खनच्या शेतकऱ्यांनी कापूस लावला. युद्ध संपले, भाव कोसळले, शेतकरी कर्जबाजारी झाले आणि त्यांनी सावकारांवर हल्ले केले. केसरीने या दंग्यांना पाठिंबा दिला.’

वाचायला गुळगुळीत. प्रत्येक वाक्य पुढच्याला हात देतं. खरं सांगायचं तर ही साखळी मीही कित्येक वर्षं अशीच शिकवत आले आहे, आणि मुलांनी ती तशीच्या तशी परत दिली की गुणही दिले आहेत. या वेळी समासात फक्त तीन प्रश्न लिहिले. युद्ध कधी संपलं? दंगा कधी झाला? केसरी कधी निघाला?

युद्ध १८६१ ते १८६५. पहिला दंगा सुप्याला, १२ मे १८७५ रोजी. सुपे आज बारामती तालुक्यात येतं, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. मधे दहा वर्षं जातात. पाळण्यातलं पोर गुरं राखायला लागतं तेवढा हा काळ. भाव १८६५ ला कोसळले म्हणून १८७५ ला दुकान फोडलं, असं म्हणायचं तर मधल्या दहा वर्षांत काय झालं ते सांगावं लागतं, नाहीतर ‘त्यामुळे’ हा शब्द मागे घ्यावा लागतो. केसरीचं तर विचारूच नका. तो निघाला जानेवारी १८८१ मध्ये. दंग्यांच्या वेळी टिळकांना एकोणिसावं वर्ष चालू होतं आणि ते डेक्कन कॉलेजात शिकत होते.

तिला विचारलं, हे केसरीचं कुठून आणलंस? चार ठिकाणी सापडलं म्हणाली. चारही ठिकाणं उघडून बघितली तर शब्दही तेच, आणि एका ठिकाणची शुद्धलेखनाची चूक उरलेल्या तिन्हीकडे. म्हणजे एकाने लिहिलं आणि तिघांनी उतरवलं. चार साक्षी म्हणून तिने जे मोजलं ती एकच साक्ष होती, आणि तीही खोटी.

कापसाचं प्रकरण जरा वेगळं आहे. ते खोटं नाही, पण मुलं समजतात तितकं सरळही नाही. सुपे, शिरूर, पारनेर हा पर्जन्यछायेचा पट्टा. इथलं मुख्य पीक बाजरी आणि ज्वारी. कापूस म्हटला की खानदेश आणि वऱ्हाड. युद्धाच्या काळात ब्रिटनला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईत पैशाचा पूर आला, धान्याचेही भाव चढले. रेल्वेच्या कामावर मजुरी मिळत होती, बोर घाटाचा चढ १८६३ मध्ये पुरा झाला. या सगळ्यात सावकाराचा हात सैल होता आणि कुणब्याची पतही वाढलेली होती. ओघ आटला तसा सावकाराने हात आखडला. कापूस या गोष्टीत आहे, पण शेतात कमी आणि पतीत जास्त. हे तिने पुढे स्वतःच्या शब्दांत फार चांगलं लिहिलं : ‘आमच्या भागात कापूस पिकला नाही, कापसाचा पैसा फिरला.’

मधल्या दहा वर्षांत आणखी एक गोष्ट झाली, आणि पहिल्या खर्ड्यात तिचा पत्ताच नव्हता. इंदापूरपासून १८३६ मध्ये सुरू झालेली नवी जमाबंदी, म्हणजे जमिनीवरच्या सरकारी कराची आकारणी, ३० वर्षांसाठी होती. ती मुदत १८६६-६७ च्या सुमारास संपली, फेरपाहणी झाली, आणि चढे भाव बघून ठरवलेला नवा सारा (जमिनीवरचा सरकारी कर) ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. भाव उतरणीला लागले तेव्हा सारा वर गेलेला होता.

दुसऱ्या खर्ड्याआधी मी तिला दोन जागा दाखवल्या. एक, पुणे जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ. दुसरी, दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल. दोन्ही इंग्रजी, दोन्ही जाडजूड. आठवडाभराने ती खुशीत आली. ‘मॅडम, दोन्हीकडे तेच आहे. दोन साधनं एकमेकांना दुजोरा देतात.’

आम्ही दोन्ही उतारे शेजारी ठेवले आणि सारखे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करत गेलो. थोड्याच वेळात कागद रेघांनी भरला. जमावाचा हेतू कर्जरोखे आणि हुकूमनामे (कोर्टाचे निकाल) मिळवून नष्ट करण्याचा होता. ते मुकाट्याने हवाली केले तर बहुधा पुढे काही होत नसे, सावकार दार लावून बसला तर त्याला धाक घालण्यासाठी मारहाण होई. दोन्हीकडे हेच, याच क्रमाने, जवळपास याच शब्दांत. मग मी तिला गॅझेटियरची तळटीप वाचायला लावली. तिथे आयोगाच्या अहवालाचा हवाला होता. साक्षीदार एकच, टोपी बदलून दोनदा येऊन गेलेला. ती हिरमुसली. मला बरं वाटलं, कारण ही ठेच ज्याला एकदा लागते तो पुन्हा नुसती साधनं मोजत बसत नाही.

आता या साक्षीदाराकडे नीट बघायचं होतं. आयोग नेमला गेला तो भारत सरकारने मुंबई सरकारवर दबाव आणला म्हणून. १८५७ ला अजून वीस वर्षंही झाली नव्हती आणि शेतकरी जमावाने उठतो म्हटल्यावर कलकत्त्याला आठवण होणारच. अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. आयोगापुढे एक मुद्दा मुद्दाम ठेवला होता : सरकारी साऱ्याचा बोजा हे दंग्यांचं कारण आहे का? सगळा पुरावा मांडून झाल्यावर उत्तर आलं, नाही. दोष सावकारांचा.

‘म्हणजे अहवाल खोटा?’ तिने विचारलं. वर्गात हा प्रश्न नेहमी येतो आणि त्याच्या पाठोपाठ एक सोपी पळवाट येते : इंग्रजांनी लिहिलं, म्हणून सोडून द्या. सोडून दिलं तर हातात काय उरतं? रयतेच्या जबान्या याच अहवालात, सावकारांच्या याच अहवालात. भावांची आणि व्याजाच्या दरांची कोष्टकंही इथेच, जिल्हाधिकाऱ्यांचे अहवालही इथेच. शिवाय ‘आयोग म्हणतो’ हे म्हणणंही जपून म्हणावं लागतं. आयोगातलेच एक सदस्य, ऑकलंड कॉल्व्हिन, यांनी जमाबंदीच्या फेरपाहणीवर वेगळं टिपण लिहिलं आणि वाढलेल्या साऱ्यावर टीका केली. एका जाड पुस्तकाला एकच तोंड असतं असं नाही.

मी तिला घरचा दाखला दिला. सख्खा चुलतभाऊ जमिनीच्या वाटणीबद्दल बोलत असेल तर त्याच्या कुठल्या वाक्यावर आपण विश्वास ठेवतो? जे त्याच्या सोयीचं नाही त्यावर. बांध आपणच सरकवला असं तो कबूल करत असेल तर ते बहुतेक खरं असतं. सरकारी कागद सारा वाढल्याचं सांगतो तेव्हा तो आपल्या गैरसोयीचं बोलतो आहे, तिथे त्याचा शब्द वजनाचा. तोच कागद ‘पण साऱ्याचा काही संबंध नाही’ म्हणतो तेव्हा तो आपल्या सोयीचं बोलतो आहे, तिथे थांबायचं. अहवाल एकच, पण एका पानावर भरवसा जास्त आणि दुसऱ्यावर कमी.

दुसऱ्या खर्ड्यात याचा परिणाम दिसला, आणि नको तितका दिसला. आता सगळा दोष सरकारचा झाला होता आणि सावकार बिचारा मधल्या मधे सापडलेला. काटा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला. हे मुलांचं होतंच. तिला मी एवढंच विचारलं : जमाव सुप्यात मामलेदाराच्या कचेरीकडे का गेला नाही?

त्यानंतर आम्ही एका कागदावर दोन दुपारी घालवल्या. तो कागद म्हणजे एक भाडेचिठ्ठी. बारावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात ती इंग्रजी भाषांतरात छापली आहे आणि कुणालाही बघायला मिळते. कर्जदार शेतकरी सावकाराला लिहून देतो. मी तुमच्या देण्यापोटी लोखंडी आसाच्या माझ्या दोन गाड्या आणि चार बैल तुम्हाला विकले. त्याच दोन गाड्या आणि तेच चार बैल मी तुमच्याकडून भाड्याने घेतले आहेत. दर महिन्याला चार रुपये दराने भाडं देईन आणि तुमच्या हातची पावती घेईन. पावती नसेल तर भाडं दिलं असं म्हणणार नाही.

पहिल्या वाचनात तिने वहीत लिहिलं, ‘शेतकऱ्याची पिळवणूक दिसते.’ दिसते, पण हे तर कुणीही सांगेल. मी म्हटलं, बैल कुठे आहेत? सकाळी विकले, संध्याकाळी कुठे उभे आहेत? ती जरा थांबली. ‘त्याच गोठ्यात.’ बरोबर. बैल हलले नाहीत, गाडी हलली नाही. हलली फक्त मालकी, आणि तीही कागदावर. मग शेवटच्या वाक्याकडे आलो. ‘पावती नसेल तर भाडं दिलं असं म्हणणार नाही.’ पावती लिहिणार कोण? सावकार. म्हणजे उद्या कोर्टात पैसे दिल्याचा पुरावा एकाच माणसाच्या हातात, आणि तो माणूस पैसे घेणारा. कुणब्याने या कागदावर पैशाचंच देणं लिहून दिलं नाही, आपण पुढे काय सिद्ध करू शकू याचा हक्कही लिहून दिला.

मग ओळीने दुसरे कागद बोलायला लागले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षं ग्राह्य धरायचं ठरवलं. हेतू असा की व्याज साचू नये. सावकाराने दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेतलं आणि थकलेलं व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून घातलं. आपल्याकडे दामदुपटीचा जुना रिवाज होता, व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. आयोगाने नोंदवलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांच्या वर व्याज लावलेलं आहे. दामदुपट कुठल्या कुठे गेली. पण खतावर बघाल तर सगळं शिस्तीत : मुद्दल इतकं, मुदत इतकी, राजीखुशीने लिहून दिलं. आणि खाली कुणब्याची सही म्हणून नांगराचं चित्र. जुन्या मराठी कागदांत लिहिता न येणाऱ्या कुणब्याची निशाणी नांगर असे. मजकूर मोडीत, लिहिणारा तिसराच, आणि ज्याच्यावर बोजा बसणार त्याचं त्या कागदावर स्वतःचं म्हणून एवढंच : चार रेघांचा नांगर.

इथे ती जे बोलली ते मी वहीत टिपून ठेवलं आहे. ‘मॅडम, म्हणजे त्यांना कळत होतं. त्यांनी दुकान लुटायच्या आधी कागद मागितला.’

हेच. सुप्यात धान्याची दुकानं लुटली गेली, कापडही गेलं, काही सावकारांची घरंही पेटली, हे नाकारायचं कारण नाही. पण जमावाची पहिली मागणी वह्या आणि खतं. पुढे ३० हून अधिक गावांत हे लोण गेलं, नगर जिल्ह्यात पसरलं, ९५१ माणसं पकडली गेली. गावोगाव तीच मागणी. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनी कागदाची ताकद बरोबर ओळखली होती : कोर्ट तोंडी शब्द ऐकत नाही, खत ऐकतं, तर खतच नको. आणि आपल्यासारख्या पुढच्या वाचणाऱ्यांची अडचण नेमकी इथे आहे. जाळलं गेलं ते खत वाचायला मिळत नाही. आपल्या हाती आलेले कागद एकतर जळण्यापासून बचावलेले आहेत, नाहीतर सरकारने नंतर तयार केलेले. दंग्याने आपल्याच कारणाचा पुरावा जाळून टाकला, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

चार वर्षांनी सरकारने काय केलं तेही या संदर्भात बघण्यासारखं आहे. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी झाला. त्याने न्यायाधीशाला मुभा दिली की खतावर काय लिहिलं आहे तेवढ्यावर थांबू नका, खताच्या मागे जा, मूळ व्यवहार काय होता, हातात रोख किती पडली, व्याज कसं चढत गेलं ते तपासा. मी वर्गात हे कलम आता साधनांच्या तासाला वाचून दाखवते. त्यात इतिहासाची पद्धत शिकवायचा कुणाचा हेतू नव्हता, पण इतक्या थोडक्यात ती मला दुसरीकडे कुठे सापडलेली नाही.

आता परत सरकार की सावकार या प्रश्नाकडे. अहवालातलीच एक नोंद तिसऱ्या खर्ड्यात तिने नेमकी पकडली. हल्ले जवळजवळ सगळे मारवाडी आणि गुजर सावकारांवर झाले. ज्या गावांत ब्राह्मण किंवा इतर जातींचे सावकारही पैसे लावत होते, तिथेही बहुधा ते सुटले. कर्ज हेच एकमेव कारण असतं तर ब्राह्मण सावकाराच्या पेटीतलं खत काय कमी जाचक होतं? सारा हे एकमेव कारण असतं तर मारवाडीच का? दोन्ही सरळ उत्तरं या एका नोंदीवर अडतात. बाहेरून आलेला, गावकीच्या रीतीभातीत न बसणारा, कोर्टाच्या जोरावर हुकूमनामा घेऊन येणारा सावकार हा रागाचा धनी झाला. त्यात परकेपणाचा राग होता, तो गोड करून सांगायचं कारण नाही. आणि कोर्टाचा जोर त्याला दिला कुणी, हे विचारलं की सरकार मागच्या दाराने परत येतं.

इथे मात्र मी तिला एका ठिकाणी अडवलं. ‘कुणब्यांच्या मनात परक्यांबद्दल द्वेष होता’ असं तिने लिहिलं होतं. मनात काय होतं ते कुठल्या कागदावर आहे? जबानी आहे, पण ती दंग्यानंतर, साहेबापुढे, अटकेच्या धाकात दिलेली आणि मग इंग्रजीत उतरवलेली. वाक्य बदलून तिने केलं : ‘हल्ल्यांसाठी निवडलेली घरं पाहता परकेपणाचा भाग दिसतो.’ हे वाक्य मिळमिळीत वाटलं तरी ते पुराव्याच्या पुढे पाऊल टाकत नाही.

इतिहासकारांची मतं तिने शेवटी वाचली, तेही बरंच झालं. आधी वाचली असती तर त्यातलं एक उचलून पुढे गेली असती. रविंदर कुमार यांनी रयतवारी (सरकारने थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याची पद्धत) आणि कोर्टकचेऱ्यांमुळे कुणबी आणि वाणी यांच्यातला जुना तोल बिघडला, यावर भर दिला. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये मांडलं की या दंग्यांचा बोलबाला प्रत्यक्षापेक्षा मोठा झाला आहे. पट्टा मर्यादित, काळ थोडा, आणि जमिनी सावकारांच्या घशात गेल्याची चर्चाही फुगवलेली. तिला चार्ल्सवर्थ यांचा राग आला. गावाकडची मुलगी, येणारच. मी म्हटलं, राग येऊ दे, पण उत्तर आकड्याने दे. तिने अर्धं पान दिलं आणि एका मुद्द्यावर त्यांचं म्हणणं मान्यही केलं : ३० गावं म्हणजे अख्खं दख्खन नव्हे.

राहता राहिले खापरपणजोबा.

तिसऱ्या खर्ड्याच्या आधीच्या रविवारी ती आजीच्या लोखंडी ट्रंकेतून एक कागद घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार घड्या, घड्यांवर फाटलेला. मोडी मजकूर. तिला फक्त आकडा लागला होता, १८०९. ‘मॅडम, पेशवाईतला!’ मी कागद उजेडात धरला. वर स्टँपाचा छाप आणि त्यात राणी व्हिक्टोरिया. १८०९ साली व्हिक्टोरियाचा जन्मही झाला नव्हता. आकडा शकाचा होता : शके १८०९, त्यात ७८ मिळवा, १८८७ साल. दंग्यांनंतर बारा वर्षांनी.

तिचा चेहरा उतरला. पेटायला हवा होता तो कागद दंग्यांनंतर लिहिलेला निघाला. म्हटलं, जरा थांब, १८७५ बद्दल तो काही सांगणार नाही, पण १८८७ बद्दल सांगेल. ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांना मोडी चांगली येते. त्यांनी दोन संध्याकाळी बसून मजकूर लावला. कर्जखत होतं. ७५ रुपये, मुदत दोन वर्षं, तारण बैलजोडी. मागे रजिस्ट्रारपुढे लिहून दिल्याचा शेरा, म्हणजे १८७९ च्या कायद्याची खूण. खाली नांगर. आणि मग त्यांनी चष्मा काढून म्हटलं, ‘ऋणकोचं आडनाव यांचं नाही. यांचं आडनाव धनकोच्या जागी आहे.’

पैसे देणारे तिचे खापरपणजोबा होते.

ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, ‘पण मग घरी खतं जाळल्याचं सांगतात ते?’ दोन्ही खरं असू शकतं, मी म्हटलं. १८७५ ला जाळणाऱ्यांत असलेला माणूस १८८७ ला देणाऱ्यांत असू शकतो. त्या कायद्यानंतर व्यापारी सावकाराने हात आखडला आणि ऐपतदार शेतकरीच शेजाऱ्याला कर्ज द्यायला लागला, हे पुढे बऱ्याच ठिकाणी दिसतं. किंवा जाळल्याची गोष्ट गावात दुसऱ्या कुणाची असेल आणि तीन पिढ्यांत ती तुमच्या घरी मुक्कामाला आली असेल. कागद यातलं कुठलंच सांगत नाही. कागद एवढंच सांगतो की शके १८०९ मध्ये या घरात द्यायला ७५ रुपये होते. आणि आणखी एक गोष्ट सांगतो, मजकुरातून नव्हे, तो जिथे सापडला त्या जागेवरून. कर्ज फिटलं की खत फाडून ऋणकोला परत द्यायची रीत. हे खत फाडलेलं नाही, मागे वसुलीची एकही नोंद नाही आणि ते धनकोच्या ट्रंकेत आहे.

निबंधात या कागदाला तिने आठ ओळी दिल्या. माझ्या मते पाचही पुरल्या असत्या. त्या तिने शेवटी टाकल्या आणि सुरुवातीलाच लिहिलं की हा १८७५ चा पुरावा नाही. खापरपणजोबांची गोष्टही ठेवली, ‘घरी असे सांगतात’ या शब्दांत. तिसऱ्या खर्ड्याची सुरुवात आता अशी होती :

‘१२ मे १८७५ रोजी सुपे येथे जमलेल्या शेतकऱ्यांनी प्रथम सावकारांच्या वह्या व खते मागितली. ती का मागितली, हे समजून घेण्यासाठी खतावर काय लिहिले जात असे आणि त्या लिहिण्याला जोर कोठून मिळत असे, हे पाहावे लागते.’

सावकार की सरकार, याचं उत्तर तिने असं दिलं की दंगा सावकाराच्या दारात झाला, पण त्याच्या हातातला कागद चालत होता तो सरकारच्या कोर्टात, आणि तो लिहून द्यायची वेळ बऱ्याचदा आणत होता तो साऱ्याचा हप्ता. हे शेवटचं मला थोडं जास्त वाटलं. ‘बऱ्याचदा’ला तिच्याकडे दोनच जबान्या होत्या. समासात तसं लिहिलं आणि २० पैकी १६ दिले. तिने भांडून १७ करून घेतले. दोन जबान्या वेगवेगळ्या तालुक्यांतल्या आहेत, असा तिचा युक्तिवाद होता, आणि तो मला खोडता आला नाही.

कागद परत ट्रंकेत ठेवायला ती गेली तेव्हा आजीने विचारलं, काय निघालं गं त्यात? तिने सगळं सांगितलं : ७५ रुपये, बैलजोडी, दोन वर्षं, खत फाडलेलं नाही.

आजी म्हणाल्या, ‘म्हणजे आपलेच बुडाले की.’